कुवेतचा बंब

माझं लिखाण पुस्तकात छापून आलं, तेव्हा त्यात मी रोज पहाटे उठून बॉम्ब पेटवत होते. त्यात करवंट्या घालत होते, फुंकणीनं फुंकत होते, आणि सणावाराला त्याला चिंच आणि राख लावून लख्ख घासत होते. शुक्रवार पेठेतल्या एका म्हातारीनं एवढं धाडस केलं हे वाचून मी स्वतःच थक्क झाले.

मी लिहिलं होतं बंब. अंघोळीचं पाणी तापवायचा, तांब्याचा, मधोमध नळी आणि खाली तोटी असलेला. ज्यांच्या घरी गीझर आहे त्यांनी आजीला विचारावं. आजी नसेल तर मोडीत भांडी घेणाऱ्या भंगारवाल्याला.

झालं असं. आमच्या पेठेतलं वाचनालय दर वर्षी प्रवासवर्णनांचं एक पुस्तक काढतं. संपादक गुरुशांत सर. कॉलेजात मराठी शिकवून ते निवृत्त झाले, पण कॉलेजातली मुलं सुटली म्हणून गाव थोडंच सुटतं? आजवरच्या सगळ्या पुस्तकांत युरोप होता. प्रत्येक लेखात तोच बर्फ, तीच बस, आणि तिकडे आमटी मिळत नाही ही तीच तक्रार. पुस्तकं खपेनात. तेव्हा सरांनी ठरवलं की यंदा विषय घ्यायचा ‘धोकादायक देश आणि युद्धभूमी’. वाचक थरथरला पाहिजे. फळ्यावर तशी सूचना लागली.

आता सोलापुरात युद्धावरून परत आलेली माणसं कुठून आणायची? जे लेख आले त्यात एका निवृत्त बँक मॅनेजरांचं बँकॉकमध्ये पाकीट मारलं गेलं होतं. दुसरे एक गृहस्थ निवडणुकीच्या दिवसांत सासुरवाडीला माळशिरसला गेले होते. सर म्हणाले, जागा धोकादायक आहे हे मान्य, पण तो देश नाही.

मी दुपारी वाचनालयात पेपर वाचायला जाते. अक्षरं मी उशिरा शिकले, नातवंडं शाळेत जायला लागल्यावर, साक्षरता वर्गात. त्यामुळे मला पेपर शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे. फुकट मिळालेलं कुणी टाकत नाही. सूचना वाचून मी सरांना म्हटलं, नव्वद साली इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा मी तिथं स्वयंपाकाला होते. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ते मला फक्त पंखा बंद करायला सांगत होते.

मी लिहायला बसले ही बातमी गल्लीत पसरली, आणि जी माणसं कधी सोलापूरच्या वेशीबाहेर गेली नाहीत ती मला युद्ध समजावून सांगायला येऊ लागली. शेजारची वच्छला मोडनिंबची. लग्न होऊन इथं आली हाच तिचा मोठा प्रवास. ती म्हणाली, “आक्का, उंट घाला की. उंटाबिगर वाळवंट कोण वाचंल?” मी म्हटलं, मला उंट दिसला नाही, बसगाड्या, ट्रक आणि पाण्याची रांग दिसली. तर म्हणे, रांग बघायला कुवेत कशाला पाहिजे, आपल्या टँकरपाशी हायच की. माझा मुलगा यशपाल एस.टी.च्या कचेरीत कारकून आहे. त्यानं एवढंच सांगितलं की आई, कुणाचं नाव घेऊ नको, कुणाला वाईट म्हणू नको, आणि शक्यतो युद्धाबद्दल काही लिहू नको.

सरांना मात्र थरार हवा होता. “येसूबाई, मृत्यू समोर उभा ठाकला तेव्हा मनात काय आलं?”

मी खरं ते सांगितलं. मनात आलं, आडोसा कुठं मिळेल? बसभर माणसं, वाळवंट परातीसारखं सपाट, आणि सकाळपासून कुणाला जाता आलं नव्हतं. सरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, हे नको.

मग मी बंबाबद्दल लिहिलं. ज्यांच्याकडे मी होते त्या दाक्षायणीबाई सोलापूरच्याच. त्यांनी इथून तांब्याचा बंब कुवेतला नेला होता. पाणी तापवायला नव्हे. हॉलमध्ये ठेवून त्यात प्लॅस्टिकची फुलं खोवायला. सैन्य आलं, वीज गेली, गॅस संपला, आणि बंबाला फुलं टाकून कामाला लागावं लागलं. मी खोक्यांच्या फळ्या फोडून तो पेटवायची आणि अख्ख्या इमारतीतली पोरं त्यावर अंघोळ करायची. पुढं बसनं बगदादवरून जॉर्डनच्या सरहद्दीकडे निघालो तेव्हा त्यातच प्यायचं पाणी भरून घेतलं. एका नाक्यावर शिपायानं बंदूक रोखून विचारलं की हे काय. बाई घाबरून म्हणाल्या, “बंब! बंब!” झालं. सगळी बस वाळूत पालथी झोपवली. शेवटी मी उठले, तोटी सोडली आणि पेलाभर पाणी शिपायासमोर प्यायले. मग तोही प्यायला. त्याला बिचाऱ्याला आमच्यापेक्षा जास्त तहान लागली होती.

सगळ्या युद्धात मी केलेला पराक्रम एवढाच. मुंबईला उतरल्यावर बाई म्हणाल्या, येसू, आता ही ब्याद तूच ने. ती ब्याद अजून माझ्या गच्चीवर आहे आणि थंडीत घरातल्या गीझरपेक्षा जास्त काम करते.

आता चूक कुठं झाली ते सांगते. आमच्या साक्षरता वर्गातल्या तक्त्यावर ‘ब’ बंबाचा होता. शेजारी छान तांबूस चित्र. त्यामुळे विमानातून पडतो तोही मी बंबच लिहिला. बोलताना आमच्याकडे दोघांत फारसा फरक करत नाहीत, मग लिहिताना कशाला करायचा? ज्याला तोटी आहे तो एक आणि जो वरून पडतो तो दुसरा, एवढं वाचणाऱ्याला कळेल असं मला वाटलं. वाचणाऱ्याबद्दल माझा फार मोठा गैरसमज होता.

सरांनी पहिलं पान वाचलं. त्यात ‘शहरावर बंब पडत होते’ असं वाक्य होतं. त्यांनी तांबड्या पेनानं त्या शब्दाभोवती गोल काढला, समासात लिहिलं, ‘बॉम्ब. सर्वत्र दुरुस्त करावे’, आणि पुढची पानं विश्वासानं तशीच सोडली. कागद गेले सोमेशच्या दुकानात. सोमेश टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. पन्नाशीचा, सरळ माणूस, सांगितलं तेवढंच करणारा. कॉम्प्युटर त्याच्याहून सरळ, एकदा शिकवलं की बंब दिसेल तिथं बॉम्ब करणारा. सर्वत्र म्हटल्यावर दोघांनी मिळून सर्वत्र केलं.

प्रकाशन थाटात झालं. मला टॉवेल, टोपी आणि नारळ मिळाला. टोपी पुरुषांची होती, पण भावना खरी होती. एका पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की येसूबाईंची शैली स्फोटक आहे. मी मान खाली घालून ते ऐकलं. नंतर कित्येक दिवस जो भेटेल तो कौतुक करत होता, त्यावरून मी ओळखायला हवं होतं की कुणीच वाचलेलं नाही.

मी वाचलं. नाक्यावरचा प्रसंग असा छापला होता : ‘शिपायाने विचारले, हे काय? बाई म्हणाल्या, बॉम्ब. मी पुढे होऊन बॉम्बची तोटी सोडली व पेलाभर प्यायले.’ आणि शेवटी : ‘तो बॉम्ब आजही माझ्या गच्चीवर असून उत्तम चालतो.’

मी पुस्तक घेऊन सरांकडे गेले. सरांनी ते पान पहिल्यांदाच वाचलं, हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. पण प्राध्यापक माणूस, चूक झाली म्हणेल कसा? ते म्हणाले, या मजकुराला आता एक वेगळीच पातळी आलेली आहे. मी म्हटलं, पातळी बंबाला असते सर, काच लावलेली. माझ्या बंबाला तीही नाही. मग त्यांनी शुद्धिपत्र काढायचं कबूल केलं. त्यांनी हातानं लिहिलेल्या चिठ्ठीच्या सोमेशनं झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक पुस्तकात चिकटवल्या : ‘‘बॉम्ब’ या शब्दाऐवजी सर्वत्र ‘बंब’ असे वाचावे.’

म्हणजे आता विमानं शहरावर बंब टाकू लागली. खरंच तांब्याचे बंब आकाशातून पडत असते तर सोलापुरातल्या निम्म्या बायका पाट्या घेऊन त्या युद्धात गेल्या असत्या. मी पुन्हा सरांकडे जाणार होते, पण यशपाल हात जोडून म्हणाला, “आई, आता ऱ्हाऊ दे. दुरुस्त करायला गेलीस की वाढतंय.” त्याच्या कचेरीत एकानं त्याला विचारलं होतं की तुमच्या घरी जेवायला यायचं म्हणजे विमा उतरवून यायचं का?

मी गप्प बसले, कारण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. आमच्या महिला मंडळाची श्रीलंकेची सहल ठरली होती, अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या दर्शनाला. कुवेतला मी गेले ती दुसऱ्याच्या भाकरी थापायला. तिथं समुद्र होता म्हणतात. मी पोळपाट पाहिला. हा एकच प्रवास माझा स्वतःचा होणार होता. जुना पासपोर्ट केव्हाच मेला होता. नवा करायला टाकला, आणि आता फक्त पोलिसांची चौकशी राहिली होती. तो कागद वेळेत गेला नाही तर मंडळ माझ्याशिवाय जाणार, हे अध्यक्षांनी अगदी प्रेमानं सांगितलं होतं.

चौकशीला हवालदार प्रभु आला. अक्कलकोटकडचा, पोट सुटलेला, स्वभावानं गरीब. चहा घेतला, नाव-गाव विचारलं, आणि शेजारचं कुणीतरी ओळख सांगायला बोलवा म्हणाला. वच्छला तयारच होती. मी चांगल्या वळणाची बाई आहे, भांडत नाही, नळावर दुसऱ्यालाही पाणी भरू देते, हे सगळं सांगून झाल्यावर तिला वाटलं एवढ्यानं भागणार नाही. ती धावत घरी गेली आणि माझं पुस्तक घेऊन आली. “हवालदारसाहेब, ह्ये बघा. आमच्या आक्का काय साध्या न्हाईत. पुस्तकात नाव हाय त्यांचं.”

तिच्या प्रतीतली चिठ्ठी गळून पडली होती. सोमेशनं खळ पातळ केली असणार.

प्रभुनं पुस्तक नेमकं शेवटच्या पानावर उघडलं. त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं चहाचा कप अगदी हळू खाली ठेवला आणि वर छताकडे पाहिलं.

“आक्का,” तो म्हणाला, “गच्चीवर काय हाय?”

“बंब हाय, बाबा.”

“त्येच लिव्हलंय की हितं.”

मी त्याला समजावू लागले की हा बंब म्हणजे तो बंब नव्हे. पण मी जितक्यांदा बंब म्हणायची तितक्यांदा त्याला बॉम्ब ऐकू यायचं, आणि त्यात वच्छला मध्येच म्हणाली, व्हय की, रोज पेटवत्यात, आमाला बी गरम पाणी देत्यात. तो बिचारा गच्चीवर जायला तयार होईना. पायऱ्यांवर उभा राहून त्यानं गुडघ्यातून वाकून लांबूनच पाहिलं आणि सांगितलं की वस्तू दिसायला तर भांड्यासारखीच आहे, पण आजकाल काय सांगावं. पुस्तकात छापून आलंय म्हटल्यावर मोठ्या साहेबांच्या कानावर घालणं भाग आहे.

मोठे साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले, तरुण, फ्लॅटमध्ये वाढलेले. त्यांनी उभ्या जन्मात बंब पाहिला नव्हता. त्यांनी पुस्तक वाचलं, शुद्धिपत्र मागवून वाचलं, पुन्हा पुस्तक वाचलं, आणि डोकं धरून म्हणाले, “आजी, तुम्ही ती वस्तू इथं आणा आणि मला चालवून दाखवा.”

बंब रिक्षात घालून नेला. सोबतीला यशपाल अर्धा दिवस रजा टाकून आला. मांडीवर बंब आणि चेहऱ्यावर रुमाल. ठाण्याच्या दारातल्या शिपायानं विचारलं, आजी, काय आणलंय? युद्धाचा अनुभव असा वाया जात नाही. मी म्हटलं, पाणी तापवायचं भांडं. तेवढ्यात यशपाल शाळेत शिकलेल्या शुद्ध मराठीत म्हणाला, “बंब आहे.” दोन शिपाई मागं सरले आणि एक आत पळाला.

शेवटी प्रभुनं सगळ्यांना समजावून बंब आवारात ठेवला. मी पाणी भरलं, नळीत करवंट्या टाकल्या, रॉकेल नव्हतं म्हणून ठाण्यातले जुने कागद मागितले. ते साहेबांनी आधी तपासून दिले. पेटवला. करवंट्या ओल्या होत्या की कागद सरकारी होते कोण जाणे, पण जो धूर निघाला तो आवाराच्या भिंतीवरून रस्त्यावर गेला. समोरच्या हॉटेलवाल्यानं फोन केला की पोलिस ठाण्यात बंब पेटलाय, बंब पाठवा. पलीकडच्या माणसाला यातला कुठला बंब कळला देव जाणे. मी देव मानत नाही, तरी त्या दिवशी मला त्याची गरज होती. घंटा वाजवत आगीचा बंब आला. चांगला रसरसून पेटलेला माझा बंब त्यांनी विझवला, आणि त्याबरोबर साहेबांची खुर्ची, प्रभुची टोपी आणि यशपालची अब्रूही.

पण एक झालं. पाईप लागायच्या आधी पाणी तापलं होतं. मी तोटी सोडून बादली भरून साहेबांपुढं ठेवली. त्यांनी बोट बुडवलं, चटकन मागं घेतलं, आणि म्हणाले, “अरे, हे तर गरम पाणी आहे.” एवढं शिक्षण झालेल्या माणसाला ते इतक्या लवकर कळलं याचं मला बरं वाटलं.

साहेबांनी हुकूम केला की म्हातारीचा अहवाल आजच्या आज पाठवा, आणि ते भांडं आधी माझ्या नजरेसमोरून हलवा. ठाण्याचा प्रिंटरही भिजला होता. प्रभुनं हातानं मजकूर लिहिला. चांगला, स्वच्छ लिहिला. मी शेजारी बसून पाहत होते. ‘सदर बॉम्ब हा बॉम्ब नसून बंब आहे.’ मग तो कागद टाइप करायला समोरच्या गल्लीत पाठवला. सोमेशकडे. कॉम्प्युटरला एकदा शिकवलेलं तो विसरत नाही, या बाबतीत तो आमच्या साक्षरता वर्गापेक्षा बरा.

टाइप होऊन आलेला कागद साहेबांनी न वाचता सही करून प्रभुला दिला. प्रभुनं तो न वाचता माझ्यापुढं धरला. मजकुराखाली लिहिलं होतं, ‘वरील मजकूर अर्जदाराने वाचून पाहिला, तो बरोबर आहे.’ तिथं माझी सही हवी होती.

मी वाचलं. माझी खोडच तशी.

‘सदर वस्तूची समक्ष पाहणी केली असता सदर बॉम्ब हा बॉम्ब नसून बॉम्ब आहे, अशी खात्री झाली. अर्जदार सदर बॉम्ब गेली कित्येक वर्षे घरगुती कामासाठी वापरत असून शेजाऱ्यांनाही त्याचा लाभ देतात. अर्जदार परदेशी जाण्यास या कार्यालयाची हरकत नाही.’

वर साहेबांची सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. मी तोंड उघडलं. चूक दाखवली असती तर कागद पुन्हा सोमेशकडे गेला असता. सोमेशनं सर्वत्र दुरुस्त केलं असतं. साहेब तोवर घरी गेले असते, उद्या सुटी, परवा बंदोबस्त, आणि मंडळाच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून माझ्याशिवाय विमानात. आणि चूक न दाखवता ‘वाचून पाहिला, बरोबर आहे’ खाली सही केली, तर उद्या कुणी विचारलं असतं, बाई, तू वाचलंस आणि सही केलीस? अक्षरं येणाऱ्या माणसाची पंचाईत ही अशी असते. पूर्वी मला हा त्रास नव्हता.

“काय झालं, आक्का?” प्रभु म्हणाला. “करा की सही.”

“बाबा, मला कुटं वाचता येतंय?” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. “अवो, तुमी तर पुस्तक लिव्हलंय.”

“लिव्हलंय की. लिव्हणारं वाचतंय, आसं तुला कुणी सांगितलं? आमच्या गुरुशांत सरांना इचार.”

यशपालनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

प्रभुला माझी कीव आली. कपाटातून शाईचा पॅड काढला, झाकण उघडलं, माझा हात हातात घेतला, आणि सहीच्या जागी काट मारून ‘अर्जदारास वाचून दाखविला’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं. वाचून मात्र दाखवला नाही. मी अंगठा टेकवला. चांगला ठसठशीत उमटला, छापलेल्या पुस्तकातल्या कुठल्याही ओळीपेक्षा स्पष्ट.

कागद त्याच संध्याकाळी गेला आणि पासपोर्ट वेळेत आला. साक्षरता वर्गातल्या आमच्या बाईंनी तो अंगठा पाहिला असता तर त्या रडल्या असत्या. पण त्यांना अनुराधापूरला जायचं नव्हतं.